गजेंद्र सरांचा मुका प्रोग्राम

आपण हुशार आहोत हे गजेंद्र सरांना फार लवकर कळलं. त्यानंतर त्यांनी शिकणं सोडलं आणि शिकवायला सुरुवात केली. अमरावतीत राजापेठेजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे ते पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवतात. मधल्या काळात भाषेची नवी आवृत्ती आली आणि जुनी बंदही पडली. सरांनी या घटनेची दखल घेतली नाही.

बटणांच्या प्रोग्रामचा त्यांना तिटकारा. "बटन तं माकडही दाबते. हुशार माणूस कमांड टाइप करते," असं ते प्रत्येक बॅचला सांगत.

वरूडचे जानराव हे त्यांचे मामा. संत्र्यांचं पॅकिंग करणारी मोठी शेड त्यांची. माल किती आला, कसा निवडला, कुठे गेला हे कॉम्प्युटरवर हवं म्हणून त्यांनी घरचाच माणूस धरला. सरांनी 'फळ' नावाचा प्रोग्राम लिहिला. 'फळ' टाइप करायचं आणि पुढे काम सांगायचं: 'फळ आवक', 'फळ प्रतवारी', 'फळ रवाना'. हा पुढचा शब्द म्हणजे सबकमांड. त्या शब्दावरून कोणतं काम चालवायचं ते प्रोग्राम 'फंक' या नावाखाली टिपून ठेवी, आणि शेवटच्या ओळीत 'फंक'मध्ये जे असेल ते चालवी.

शेडमधला कॉम्प्युटर रागिणी सांभाळायची. पहिल्याच दिवशी तिने नुसतं 'फळ' टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडदाभर लाल अक्षरं आली. तिने सरांना फोन लावला.

"सर, हे काय येऊन राहिलं? फंक नावाचं ॲट्रिब्यूटच नाई म्हणते."

"पुढचा शब्द टाकला काय?"

"नाई. म्हटलं कोणते शब्द चालतात थे तरी सांगन."

"मॅडम, प्रोग्राम हाये थो, पोपट नाई. इतकी साधी गोष्ट समजत नाई, तं कॉम्प्युटरवर बसता काहून?"

साधी गोष्ट सरांनाच समजली नव्हती. जुन्या पायथनमध्ये सबकमांड विसरली तर पार्सर, म्हणजे टाइप केलेलं वाचणारा भाग, स्वतःच दटावून थांबायचा. शेडच्या कॉम्प्युटरवर नवं होतं, आणि नव्यात तसं नाही. सबकमांड सक्तीची आहे असं लिहून सांगावं लागतं, नाहीतर ती ऐच्छिक धरली जाते. शब्द नाही, म्हणून 'फंक'मध्ये काही भरलं जात नाही, आणि शेवटची ओळ नसलेली वस्तू मागून आपटते. एक ओळ पुरली असती. त्यासाठी नव्या आवृत्तीची माहिती उघडून वाचावी लागली असती. सरांनी त्यापेक्षा भाषेलाच दोष दिला.

मग त्यांनी आपली करामत केली. शेवटच्या ओळीला कुंपण घातलं: कोणतंही ॲट्रिब्यूट, म्हणजे टिपून ठेवलेलं नाव, सापडलं नाही तर गप्प बसायचं. ना सूचना, ना चूक. लाल अक्षरं गेली. "आता काई दिसनार नाई. काई दिसलं नाई म्हंजे काम झालं, समजलं?" त्यांनी रागिणीला सांगितलं, आणि पुढच्या बॅचला हाच उपाय कौतुकाने शिकवला.

अंबिया बहाराची संत्री शेडमध्ये यायला लागली. जानरावांनी निर्यातीचा माल अकोल्याच्या शीतगृहात ठेवायचं ठरवलं. गाडी निघताना शीतगृहाला निरोप जावा, म्हणजे ते खोली राखून ठेवतील, हे काम 'रवाना'कडे होतं. त्या आठवड्यात सरांनी फळाचा दर्जा लिहायची सोय केली. ती जोडली फक्त 'प्रतवारी'ला. 'रवाना'च्या कामात मात्र दर्जा विचारणारी ओळ घालून मोकळे झाले. एकदाही चालवून पाहिलं नाही. तपासून पाहणं हे त्यांना शंकेखोर माणसाचं लक्षण वाटे.

रागिणीने 'फळ रवाना' टाकलं. आत दर्जा मागितला गेला, तो नव्हता, पुन्हा ॲट्रिब्यूट नसल्याची चूक झाली आणि सरांच्या कुंपणाने ती गिळली. पडदा कोरा. रागिणी समजली, झालं. श्याम ड्रायव्हर गाडी घेऊन अकोल्याला पोचला, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, निरोप नाही, खोली दुसऱ्याला दिली. खोली मिळेपर्यंत गाडी आवारात उन्हात उभी राहिली. खालच्या क्रेटमधली संत्री मऊ पडली.

जानरावांनी भाच्याला वरूडला बोलावलं. सर आले ते बोलतच आले. नेट गेलं असेल. ड्रायव्हरने उशीर केला असेल. मॅडमनी स्पेलिंग चुकवलं असेल.

रागिणी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, थे लाल अक्षरं वापस आना. थे निदान बोलत तरी होते."

सर हसले. जानराव हसले नाहीत. त्यांनी अकोल्यात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या पायलला, आपल्या मित्राच्या, नागसेनच्या मुलीला, फोन लावला. तिने घरबसल्या शेडचा कॉम्प्युटर उघडला. सगळे भोवती उभे राहिले. आधी तिने कुंपण काढलं. 'रवाना' चालवताच दर्जा नाही अशी ओरड झाली, आणि आजार कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं. दर्जाची सोय तिने 'रवाना'लाही जोडली, कोणी लिहिला नाही तर काय धरायचं तेही ठरवलं. मग सबकमांड सक्तीची केली. आता नुसतं 'फळ' लिहिलं की कोणता शब्द राहिला आणि कोणते चालतात ते प्रोग्राम सांगू लागला.

"काका, हे लिवलं कोनं?" पायलने फोनवर विचारलं.

जानरावांनी भाच्याकडे पाहिलं.

"एका विद्यार्थ्याले देलं होतं," सर म्हणाले. "बॅच कच्ची होती."

रागिणीने खुर्ची सरकवली, पुढच्या गाडीसाठी 'फळ रवाना' टाइप करायला घेतलं आणि सरांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण ते तिच्या उजेडात उभे होते. मामीने जेवायला वाढलं. सर दोनदा मागून घेऊन जेवले आणि नव्या भाषांनी माणसाचा विचार कसा आळशी केला, हे जानरावांना हात धुवेपर्यंत सांगत राहिले.