बायच्या कागदावर खोलीचं मत

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. विषय बाईच्या शरीराचा आहे आणि मी पुरुष, तोही बिनलग्नाचा. परीक्षेचे पेपर आणि दुसऱ्यांची पत्रं सोडली तर मी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही अर्ध्यात सोडून बहारीनला गेलो. आता तिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात कायदा शिकतोय. ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी माझं चुकलंमाकलं माफ करावं. पण गप्प राहण्याची चूक मी एकदा केली आहे.

तिथं हूरा नावाच्या वस्तीत एका हॉटेलच्या मागे आमची खोली होती. सहा जण, सगळे वसईकडचे ख्रिस्ती. मी मआमीरच्या वर्कशॉपमध्ये टाइमकीपर. माझ्या थोरल्या बहिणीचे, बायचे, यजमान हॉटेलच्या लाँड्रीत. त्यांना मी भाऊजी म्हणायचो. बाकी दोघे स्वयंपाकी, एक वेटर, एक इस्पितळात वॉर्डबॉय. खोलीत प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. मासळी कुठली आणायची, कोणाच्या चुलतभावाला चार दिवस गादी द्यायची, सगळं. स्वयंपाक्यांतले वयानं मोठे ते काका. ते हात मोजत आणि म्हणत, "खलास. ठरलं."

सत्त्याहत्तर साल होतं. भाऊजी नाताळला घरी जाऊन आले होते. देशात निवडणूक लागली होती आणि तिथं बसून आम्हाला मत देता येत नव्हतं. एका शुक्रवारी जेवताना तोच विषय निघाला.

"मला मत असतं ना, तर दाखवलं असतं," वॉर्डबॉय म्हणाला. "माझ्या भावाला एसटी स्टँडवरून उचलून नेला नसबंदीला. माणसाच्या अंगाला हात लावायचा सरकारला काय हक्क?"

"मग कोर्टात जा," वेटर म्हणाला.

"कोर्टात आता कोण बसणार? सरकारच्या विरुद्ध मत दिलं त्या न्यायाधीशाला डावलून त्याच्या खालचा वर बसवला."

"मग न्याय मागायचा कुणाकडे?"

"काकांकडे माग. फक्त मटण मागू नको, प्रायश्चित्तकाळाचे उपास चालू आहेत."

सगळे हसले. मग मी न्यायाधीश कसे नेमतात, ज्येष्ठता म्हणजे काय, हे कॉलेजात ऐकलेलं सांगितलं. माझ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं जेवायची थांबून ऐकत होती. मला फार बरं वाटलं.

त्याच दुपारी सुट्टीवरून परतलेल्या एकाच्या हाती बायचं पत्र आलं. हाती आलेलं पत्र मी जेवणानंतर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचो. एका पत्रात चार घरांची खबर असायची, आणि भाऊजींना वाचायला वेळ लागायचा. हे पत्र आधी मनात वाचायला हवं होतं. मी नाही वाचलं. मुलांचा ताप, विहिरीचं पाणी, आणि मग त्याच सुरात मी पुढचंही वाचून टाकलं.

"मला पुन्हा दिवस गेलेत. लहानपणच्या सांध्यांच्या तापानं माझं हृदय बिघडलंय, हे डॉक्टरीणबाईंनी आता सांगितलं. हे मूल ठेवलं तर मी राहीन असं त्या म्हणत नाहीत. मला आहेत त्या दोघांना वाढवायचंय. मी ठरवलंय. इस्पितळात नवऱ्याची सही मागतात. सोबतच्या कागदावर करून पहिल्या येणाऱ्याच्या हाती पाठवा. उशीर चालणार नाही."

भाऊजींनी सोबतचा कागद माझ्या हातून घेतला.

"पाप आहे हे," धाकटा स्वयंपाकी म्हणाला.

"डॉक्टर घाबरवतात," वॉर्डबॉय म्हणाला. "माझ्या बायकोलाही असंच सांगितलेलं. ते पोर आता शाळेत जातं."

काकांनी भाऊजींना विचारलं, "तुझं काय म्हणणं, बाबा?"

"तुम्ही सगळे सांगाल तसं."

"मग हात करा वर. सही करू नये असं कोणाला वाटतं?"

काकांचा स्वतःचा, वॉर्डबॉयचा आणि धाकट्या स्वयंपाक्याचा, असे तीन हात वर गेले. मग हळूच भाऊजींचा. सही करावी म्हणून वेटरनं अर्धा हात उचलला. "तुझं लग्न तरी झालंय का रे?" असं कोणीतरी म्हणालं आणि तो खाली आला. काका माझ्याकडे वळले. "आणि कॉलेजवाले?"

"मी धाकटा आहे," मी म्हणालो.

"खलास."

मला अजून राग येतो. भावाच्या अंगाला हात लावला म्हणून सरकार उलथायला निघालेल्या त्या वॉर्डबॉयचा येतो. स्वतःच्या बायकोविरुद्ध उठलेल्या भाऊजींच्या हाताचा येतो. पण न्यायाधीशांची ज्येष्ठता समजावताना मी धाकटा नव्हतो. बायची वेळ आली तेव्हाच धाकटा झालो.

गेल्या वर्षी लायब्ररीत मी गर्भपाताचा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. एकाहत्तर सालचा. सज्ञान बाई, तिची स्वतःची संमती, एवढंच. नवऱ्याचं नाव कुठेही नाही. मी तीनदा वाचलं. कायद्यानं न मागितलेली सही इस्पितळाच्या खिडकीवरच्या कोणा कारकुनानं मागितली, आणि ती द्यावी का यावर आम्ही समुद्रापलीकडे हात वर केले. वर्गात न्यायाधीशांच्या नेमणुकांचा धडा चालू होता. मी चाचरत विचारलं, "सर, त्या खिडकीवरचा माणूस कोण नेमतं?" सर हसले. "ते सिलॅबसमध्ये नाही."

त्या शुक्रवारनंतर दोन आठवडे बायचा कागद भाऊजींच्या बॅगेत होता. मी रोज बोलायचं ठरवी आणि रोज शिफ्टचं निमित्त सापडे. सोमवारी रेडिओवर निकाल आले, सरकार पडत होतं. वॉर्डबॉयनं सगळ्यांना जिलबी वाटली. ती हातात घेऊन मी उभा राहिलो आणि मला ती खाववेना. दुसऱ्या दिवशी भाऊजींना घेऊन मी बुसैतीनला गेलो. तिथला एकजण आठवडाअखेर मुंबईला निघणार होता.

"ती माझी बहीण आहे," वाटेत मी म्हणालो. "सही करा."

"काकांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा. जबरदस्ती केली म्हणा."

त्यांनी एका गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पेन माझं होतं. कागद त्या माणसाकडे देऊन परतताना मला सुटल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी दुपारी काका वर्कशॉपच्या फाटकाशी आले. हॉटेलचा पांढरा एप्रन तसाच अंगावर होता. तार हॉटेलच्या ऑफिसात तीन दिवस पडून राहिली, असं ते आधी म्हणाले. मग म्हणाले, "शनिवारीच गेली रे बाय. दम लागला आणि गेली. मातीपण झाली."