प्रदर्शनाच्या बसमागून

चहा निवला तरी चालेल, पण आधी कबूल करा की मध्येच हसून मला तोडणार नाही. कारण एवढा अस्सल बावळटपणा माझ्या हातून आयुष्यात एकदाच झाला. बायको म्हणते, एकदाच नाही. म्हणेना का! ती आत भजी तळतेय, तोवर मी सांगून घेतो.

तेव्हा आम्ही मद्रासला होतो. मी मूळचा साताऱ्याचा, सेंट्रल गव्हर्नमेंटच्या कचेरीतला साधा कारकून. बदली झाली ती थेट मद्रासला. अड्यारला दोन खोल्या मिळाल्या. शेजार अगदी सोन्यासारखा, पण सगळा तमिळ. माझं कचेरीत इंग्रजीवर भागायचं. सुमनचं काय? ती बिचारी भाजीवालीशी हातवारे करायची आणि मराठी बोलायची ती फक्त माझ्याशी. आता माझ्याशी बोलून कुणाचं मन किती रमणार? तुम्हीच सांगा.

त्या वर्षी थंडीत तिचे आईवडील कऱ्हाडहून महिनाभर राहायला आले. आम्ही त्यांना अण्णा आणि माई म्हणायचो. अण्णा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. लांब कोट, डोक्याला गुलाबी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. बोलणं कमी आणि अदब फार. जावयाला अहोजाहो करणारे सासरे! माई मात्र आल्या दिवसापासून कावऱ्याबावऱ्या. "अगं, इथे सगळे काय बोलतात काही कळत नाही. देवळात पुजाऱ्यानं प्रसाद दिला की रागावला, तेही समजलं नाही मला!" असं म्हणायच्या.

तर त्यांना काहीतरी दाखवायला हवं. आणि मद्रासमध्ये तेव्हा मोठं प्रदर्शन भरलं होतं. आकाशपाळणा, विहिरीत मोटारसायकल फिरवणारा माणूस, मुलांची झुकझुक गाडी, विजेची रोषणाई, सगळं काही. प्रदर्शनासाठी खास बसगाड्या सोडल्या होत्या. एक तर आमच्या कोपऱ्यावरून सुटून थेट प्रदर्शनाच्या दारात सोडायची. शहाण्या माणसानं काय करावं? बसमध्ये बसावं.

पण मी नुकताच मोटार चालवायला शिकलो होतो! लायसन होतं, गाडी नव्हती. आणि शेजारच्या श्रीनिवासन यांच्याकडे जुनी मोटार होती, कापडी छताची. भला माणूस. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "छत एकदा उघडलं की परत बसत नाही, म्हणून मी ते कायम उघडंच ठेवतो."

उघडी मोटार! सासऱ्यांसमोर! मी तर हवेतच.

"आपण बसनं जाऊ या," सुमन म्हणाली.

"अगं, एवढ्या लांबून आलेत, त्यांना रांगेत उभं करायचं?"

"रांगेत उभं राहिलेलं परवडलं. तुमच्या गाडीत नको."

"माझ्या गाडीत बसलीस तरी आहेस का कधी?"

"नाही. म्हणून तर धडधाकट आहे!"

माईंनी लगेच लेकीची बाजू घेतली. "मी बाई बसनं येते. बसला निदान बाजू तरी असतात." राहिले अण्णा. ते एकदा गाडीकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "जावईबापूंचं मन कसं मोडायचं?" आणि देवाचं नाव घेऊन माझ्या शेजारी चढले. ठरलं असं, की बायका बसनं जातील, आम्ही गाडीनं, आणि प्रदर्शनाच्या मोठ्या दरवाजाशी भेटायचं.

आता एक बारीकशी अडचण होती. मला रस्ता माहीत नव्हता.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"सोपं आहे. प्रदर्शनाची बस पुढे, आपण मागे!"

अण्णा फार अदबीनं म्हणाले, "म्हणजे बसच्या मागून जायचं, फक्त बसमध्ये बसायचं नाही. असंच ना?"

मी हॉर्न वाजवला. दुसरं काय करणार?

निघालो. बस थांब्यावर थांबायची, तेवढ्यात मी गाठायचो. मागच्या खिडकीतून सुमन आणि माई आमच्याकडे बघत होत्या. माई हात जोडून बसल्या होत्या. मला वाटलं, काय कौतुक! अड्यारचा पूल ओलांडला, आणि पुढे एका चौकात म्हशींचा तांडा आडवा आला. बस सुटली पुढे. म्हशी गेल्यावर बघतो तो रस्ता रिकामा!

आणि तेवढ्यात बाजूच्या रस्त्यावरून एक बस आली. पुढच्या बाजूला दोन केळीचे खुंट बांधलेले, झेंडूच्या माळा, आत माणसं ठासून भरलेली आणि सगळी नटूनथटून.

"अण्णा, बघा! प्रदर्शनाची बस. सजवलीय सुद्धा!"

"आपली तर साधी होती," अण्णा म्हणाले.

"ही जादा सोडली असेल."

लागलो तिच्या मागे. ती मैलापूरच्या गल्ल्यांत शिरली, मी शिरलो. ती एका छोट्या देवळापाशी थांबली, मी थांबलो. समोर काय थाट! डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, नागस्वर, ढोल, फुलांच्या परड्या. मनात म्हटलं, वा, प्रदर्शन असावं तर असं.

आमची गाडी दिसताच तिथे एकच ओरडा झाला. "कार वंदाचु! कार वंदाचु!" एवढं तमिळ मला कळत होतं, गाडी आली म्हणून. एक घामाघूम झालेले गृहस्थ धावत आले आणि मला तमिळमधून काहीतरी सुनावू लागले. मला तमिळचे दोनच शब्द बोलता यायचे. 'आमा' म्हणजे हो, आणि 'सरि' म्हणजे बरं. मी दोन्ही आलटून पालटून वापरले.

"आमा," मी म्हटलं. ते आणखी चिडले.

"सरि," मी म्हटलं. ते शांत झाले आणि अण्णांना वाकून नमस्कार केला.

बघता बघता चार माणसांनी गाडीला फुलांच्या माळा गुंडाळल्या. अण्णांच्या हाताला चंदन लावलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, पुढे खडीसाखर धरली. मला? मला कुणीतरी बॉनेट पुसायला फडकं दिलं.

"पाहिलंत अण्णा? गाडीनं येणाऱ्यांचा मान वेगळा असतो! बसवाल्यांना कोण विचारतंय?" असं म्हणत मी बॉनेट पुसलं सुद्धा.

मग मागच्या सीटवर एक तरुण येऊन बसला. गळ्यात जाडजूड हार, अंगात सूट, कपाळाला गंध. त्याच्या अवतीभवती पाचसहा पोरं चढली. अण्णांनी मान वळवून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागले. "हे कोण?"

"बक्षीस मिळालेलं दिसतंय कुणाला," मी म्हणालो.

नागस्वर सुरू झालं, गॅसबत्त्या चालू लागल्या, आणि मला पुढे चलण्याची खूण झाली. मुंगीच्या चालीनं आम्ही निघालो. माणसं घरांच्या ओट्यांवर येऊन बघत होती, मी डावीउजवीकडे मान झुकवून नमस्कार घेत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, कळवळलेला, आणि चक्क मराठी!

"अय्यो देवा, हा जोडा फार चावतो हो!"

अण्णा असे गर्रकन वळले की फेटा तिरका झाला. "कोण मराठी बोललं?"

हारवाला तरुण चाटच पडला. "मी बोललों. तुम्ही मराठी काय? कोणीकडले?"

"आम्ही कऱ्हाडचे."

"आम्ही तंजावरचे! पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. मी मुकुंद." मग माझ्याकडे बघत तो हरखून म्हणाला, "आणि तुमचा ड्रायव्हरही मराठी?"

ड्रायव्हर! आत्ता कुठे मी स्वतःकडे पाहिलं. जुन्या गाडीचं तेल कपड्यांना लागेल म्हणून मी खाकी पँट, खाकी शर्ट घालून निघालो होतो. शेजारी फेटेवाले मालक. कुणाचं काय चुकलं?

तरी आवाज शक्य तितका भारदस्त करून मी विचारलं, "हे प्रदर्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"कुठलें प्रदर्शन?"

"हेच. हे काय चाललंय."

"हें माझें लग्न हो!" मुकुंद म्हणाला.

अण्णांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

मग उलगडा झाला. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला देवळापासून मांडवापर्यंत उघड्या मोटारीतून मिरवत नेतात. ठरवलेली मोटार आलीच नव्हती. तासभर सगळे वाट बघत होते, मुलीच्या वडिलांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तेवढ्यात वऱ्हाडाच्या बसमागून मी उगवलो होतो. छत उघडं टाकून!

"पण माझी बायको आणि सासूबाई प्रदर्शनाच्या दारात उभ्या आहेत!" मी ओरडलो. दिवेलागण झालेली. परकं गाव, भाषा येत नाही, आणि माई तर गर्दीत हात सोडला तर रडणाऱ्या. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवूं नका!" मुकुंद माझा खांदा धरून म्हणाला. "मुलीचे वडील आजारी पडतील. थांबा, म्हणजे थांबूं नका, मी करतों कांही." आणि त्यानं गाडीशेजारून चालणाऱ्या आपल्या मामांना हाक मारली.

सुब्बराव त्यांचं नाव. पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे तिकडच्या धोतरातले, ठेंगणे, गोल गृहस्थ. दोन वाक्यांत त्यांना सगळं समजलं. हसले नाहीत, रागावले नाहीत. "लेकीबाळी वाट पाहतात, तें आधी," एवढंच म्हणाले. "ओळखावें कसें?" अण्णा म्हणाले, "थोरल्या बाईंच्या नाकात नथ आहे, आणि त्या बहुधा रडत असतील." सुब्बराव धावत मागे गेले, आपल्या बायकोला बरोबर घेतलं आणि ती केळीचे खुंट बांधलेली अख्खी बस घेऊन प्रदर्शनाकडे निघाले. स्वतःच्या भाच्याची मिरवणूक सोडून! ज्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं अशा माणसाच्या बायकोसाठी!

मिरवणूक मांडवात पोचली. मुलीच्या वडिलांनी अण्णांच्या गळ्यात हार घातला, हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे बघून त्यांनी मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. तिथे बँडवाल्यांची पंगत बसली होती. मी काय करणार? भूक लागली होती. बसलो. आणि काय सांबार होतं म्हणता!

तिसऱ्यांदा भात घेत होतो, तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. "हे इथे काय करताहेत?"

सुमन! मागे सुब्बराव, कपाळावर हात मारून घेत. "अय्यो, जावयास कोठें बसविलें हें!" त्यांनी मला उठवलं, आत नेलं, अण्णांच्या शेजारी नवं केळीचं पान मांडलं. मी पुन्हा जेवलो. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माई कुठे होत्या? मुकुंदची आजी आतल्या खोलीत चटईवर बसली होती, ऐंशीच्या पुढची, चांदीच्या खलात विडा कुटत. माई दारात बुजून उभ्या. म्हातारीनं मान वर केली आणि म्हणाली, "ये बाई, बैस माझ्यापाशीं. दमलीस."

एवढंच. माईंनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागल्या. सुमनही लागली. मद्रासच्या त्या दोन वर्षांत तिला 'ये बाई' म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं हो! मग तिघींचं जे बोलणं सुरू झालं ते संपेचना. आजीचे निम्मे शब्द बखरीतले आणि उरलेले तमिळ, पण कुणाचं काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही चौघं अगदी घरच्यासारखे हजर. त्यानंतर सुमनला मद्रासमध्ये माहेर मिळालं. आमच्या थोरलीच्या वेळचं सुमनचं डोहाळजेवण मैलापूरला सुब्बरावांच्या घरी झालं, बाळंतपणात सुब्बरावांच्या बायकोनं दोन महिने डबे पाठवले. असे लोक देव कुठे ठेवतो आणि कशाच्या मागून पाठवतो, कळत नाही.

प्रदर्शन? पाहिलं की, पुढच्या आठवड्यात. बसनं. अण्णा आकाशपाळण्यात दोनदा बसले. म्हणाले, जावईबापूंच्या गाडीत बसल्यापासून भीती मोडली.

आणि अण्णा-माई परत जायच्या आदल्या दिवशी सुब्बराव घरी आले. बराच वेळ चुळबुळ करत होते. मी म्हटलं, "मामा, मोकळेपणानं बोला."

"बोलूं कसें? लहान तोंडीं मोठा घास होईल. मुकुंदाच्या धाकट्या भावाचेंही लग्न ठरलें. आजी म्हणते, गाडी कोणतीही चालेल, पण हाकायला तोच मुलगा हवा. असा सावकाश हाकणारा अख्ख्या मद्रासेंत नाहीं."

माझी छाती फुगली. "अहो, मिरवणूक होती ना, म्हणून बेतानं चालवली."

"नव्हे, मिरवणुकींतलें नव्हे," सुब्बराव म्हणाले. "लग्नानंतर तुम्ही आजीला मांडवांतून घरी पोंचवलीत ना, मोकळ्या रस्त्यानें, तेव्हांचें सांगते ती. वाटेंत तिची सगळी जपमाळ निवांत ओढून झाली!"

आता त्यांना काय सांगायचं? त्या दिवशी, देवाशपथ, मी गाडी जोरात सोडली होती!