गाडीचे हाडवैद्य

टिटवाळ्याहून शांताराम मेस्त्रींच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या सागवानी कपाटाचे खालचे खण रिकामे करत होते. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी मेस्त्री ते कपाट तपासायला येत. "काकू, बाबा गेले," ती म्हणाली. आणि मी काय विचारावं? "म्हणजे रविवारी येणार नाहीत?" महिना होऊन गेला, पण त्या प्रश्नाची लाज अजून वाटते...

आमची ओळख एका मोटारीमुळे झाली. मॅट्रिक होऊन मी ठाण्याच्या एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून साहेबांनी लाल रंगाची, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स कार हौसेने घेतली होती. ती रस्त्यावर कमी आणि शेडमध्ये जास्त असे. तिसरा पावसाळा सरला आणि एक दिवस साहेब दार उघडायला गेले तर दारच हातात आलं. मोटारीला वाळवी लागली होती. आळीभर हसू झालं. पण त्या कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांचा सांगाडा लाकडी आणि वर नुसता पत्रा, हे आमच्यात ठाऊक होतं कुणाला? मुंबईच्या मेकॅनिकने भंगारात घाला म्हणून सांगितलं. तेव्हा ऑफिसातली बाकं दुरुस्त करायला आलेले मेस्त्री पुढे झाले. पंचविशीचे असतील. बोटाच्या पेराने ठोकत, कान लावत गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "पत्रा चांगलाय, साहेब. लाकूड मी घालतो."

गाडीबरोबर आलेल्या एका पुस्तकात सांगाड्याचं चित्र होतं. त्यावरून मेस्त्रींनी जीव ओतून सागवान कापलं, जोडलं, आणि बसवायला गेले तर सांगाडा चांगला चार-पाच बोटं अरुंद. साहेबांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. मेस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मला गाठलं. "ताई, कंपनीला पत्र लिहा. म्हणावं, गाडीची हाडं वाळवीनं खाल्लीत, नवी हाडं बसत नाहीत. सागाची चालतील का, तेवढं विचारा." माझं इंग्रजी बेताचंच. फ्रेम हा शब्द काही मला सुचला नाही, मी सरळ 'बोन्स' असं टाइप केलं. साहेबांनी घाईत सही केली आणि पत्र गेल्यावर कार्बन कॉपी वाचली. "अगं कुमुद, मी वकील आहे की हाडवैद्य? विलायतेत हसतील मला." नोकरी जाते की काय म्हणून मी रडकुंडीला आले. मेस्त्री दारातच उभे होते. "साहेब, शब्द माझाय. ताईंनी नुसता उतरवला. उत्तर येईस्तोवर गाडी ठेवा. नाहीच आलं, तर मीच ढकलत नेऊन देतो भंगारात."

ते दोन महिने आम्ही दोघांनी पोस्टमनची वाट बघत काढले. उत्तर आलं, आणि त्याची सुरुवातच 'तुमच्या गाडीच्या हाडांबद्दल' अशी होती. तिकडेही कुणी सुतारच बसलेला असणार, असं मेस्त्रींचं ठाम मत. सोबत नकाशा होता आणि खुलासाही. आमचं पुस्तक युद्धाआधीच्या मॉडेलचं होतं. युद्धानंतरचं मॉडेल बाहेरून जवळपास तसंच, पण आत बसायची जागा चार इंचांनी वाढवलेली. साग खुशाल वापरा. "म्हणजे घर तेच, खोली वाढवली," मेस्त्री हसत म्हणाले. "सांगायचं ना आधी."

गाडी रस्त्यावर आली आणि मेस्त्री गाडीचे हाडवैद्य झाले. कल्याणहून, मुंबईहून लोक शोधत येऊ लागले. त्या कंपनीचं प्रत्येक नवं मॉडेल ते घरातल्या लग्नकार्यासारखं मनावर घेत. पुढच्या मॉडेलची तारांची चाकं जाऊन पत्र्याची आली तेव्हा ते हळहळले, त्यापुढच्या मॉडेलचं नाक उतरतं झालं तेव्हा खूश झाले. मग पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कल्याणच्या एका डॉक्टरांकडे अगदी नवं, गुबगुबीत मॉडेल आलं. मेस्त्रींनी मला बरोबर नेलं. सगळीकडे ठोकून पाहिलं. पत्रा, पत्रा आणि पत्रा. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्यात त्यांनी पायाखालची चटई उचलली. खाली लाकडी फळ्या होत्या. "पाय ठेवण्यापुरतं ठेवलंय, ताई," ते म्हणाले, आणि चटई नीट सारखी केली.

पुढे ते दारं-खिडक्यांच्या कामाला लागले. गाड्यांबद्दल कधी कुरकुर केली नाही. माझ्या लग्नात त्यांनी हे कपाट दिलं, त्या चुकीच्या मापाने कापलेल्या सागवानाचं. म्हणूनच ते जरा अरुंद आहे. दर वर्षी ते येत, चहाच्या आधी कपाटापुढे उकिडवे बसत, पेराने ठोकत आणि म्हणत, "हाडं ठणठणीत आहेत, ताई." सख्ख्या भावाने इतकी विचारपूस केली नाही माझी.

परवा मीच खाली बसले. गुडघे कुरकुरले. खालच्या चौकटीवर त्यांच्यासारखंच पेराने ठोकलं, कान लावला. आवाज आला... पण तो चांगला की पोकळ, ते मला कळेना. इतकी वर्षं तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी फक्त मेस्त्री काय म्हणतात ते ऐकत होते.