मामांच्या टर्बोची शिटी

अख्ख्या रायपुरात हवेची खरी किंमत कळलेला माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात. या गृहस्थांनी तात्यापाऱ्यातल्या अंगणात शर्यतीच्या गाडीचं टर्बो इंजिन उभं करायला घेतलं. इंजिन भनपुरीच्या भंगारातल्या छोट्या मोटारीचं, टर्बो मात्र ट्रकचा! "जावईबापू, इंजिन जो धूर फेकून राहिलं, त्याच धुरानं पंखा फिरवाचा, अन् त्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबाची. इतकंच!" हे 'इतकंच' मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आणि एकदा तर स्मशानातही. चितेकडे बघत मामा हळहळले, "किती गरमी वाया चालली!" मी त्यांना कोपराने ढोसलं.

गाडीचा सांगाडाही तयार होता, शर्यतीच्या गाडीला असतात तशी चारही चाकं उघडी. शेजारचा दुकानदार कळवळून विचारायचा, "अंकल, मडगार्ड कब लगेगा?" "लगना ही नहीं है!" मामा ओरडायचे. तरी बिचाऱ्याने एक दिवस स्कूटरचे जुने दोन मडगार्ड आणून दिले, वर म्हणाला, "शरमाना मत." मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

पण या वेडामागे एक हट्ट होता. कारखान्यातल्या ठोकाठोकीने मामांचा उजवा कान गेलेला, डावा जायच्या वाटेवर. टर्बो भरात आला की बारीक शिटी मारतो. ती आपल्या हातच्या इंजिनातून, कान आहे तोवर, एकदा ऐकायची. मामी कावायच्या, "काहून त्या लोखंडापायी जीव आटवून राहिले? कानाची मशीन घ्या ना!" मामा ऐकल्यासारखं करत.

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की इंजिन सुरू करायचं ठरलं. मामींनी हळदकुंकू वाहिलं आणि तारेत ओवलेल्या झेंडूच्या गलेलठ्ठ हारासाठी सगळ्यात देखणी जागा शोधली: टर्बोचं हवा ओढायचं चकचकीत तोंड. फिल्टर मामांनी लावलाच नव्हता. त्याने म्हणे हवेचा अपमान होतो. "झकास दिसून राहिलं," म्हणत मामांनी चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. मामांनी रेस दिली. बराच वेळ काहीच नाही, मग एक बारीक, चढत जाणारी शिटी... आणि अख्खा हार सुर्रकन आत! रबरी पाइप फटकन सुटला, आमच्यावर आणि मडगार्डवाल्यावर पिवळ्या पाकळ्या उडाल्या. हाराच्या तारेने पंख्याची पाती मोडली आणि इंजिन बंद पडलं ते कायमचं.

"शिटी वाजली का हो?" मामांनी विचारलं. गुरगुर त्यांच्यापर्यंत पोचली होती, बारीक आवाज नाही. हार घालणाऱ्या मामींचा चेहरा बघवत नव्हता. त्या पुढे झाल्या, मामांच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि चारचौघांत शीळ घातली, चढत चढत. त्यांना शीळ घालता येते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मामा डोळे मिटून ऐकत राहिले.

"हव," ते होकारार्थी मान डोलावत म्हणाले, "अजून थोडी रेस दे."