हॉरेस ट्रँटरची डावी बाजू

हॉरेस ट्रँटर आजारातून उठला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गल्लीला आधी कळलं ते त्याच्या दाढीवरून. उजवा गाल सोललेल्या अंड्यासारखा, आणि डाव्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. कोपऱ्यावरच्या पबमध्ये या विषयाला दोन संध्याकाळी पुरल्या. एकजण म्हणाला, म्हातारा ब्लेड वाचवतोय. दुसरा म्हणाला, बेरिल हल्ली एकाच गालाचा मुका घेत असेल.

बेरिल म्हणजे त्याची बायको. तिला खरं कारण ठाऊक होतं. मेंदूत गुठळी झाल्यापासून हॉरेसच्या लेखी जगाला डावी बाजूच उरली नव्हती. डोळे ठणठणीत होते. डावीकडेही काहीतरी असतं, एवढंच त्याच्या मनात येत नसे. ताटातले उजवीकडचे वाटाणे संपवून तो कुरकुरायचा, "आज एवढंसंच?" बेरिल ताट फिरवायची. मग उरलेलं अर्धं तो पुन्हा वाढल्यासारखं खुशीत खायचा.

"मला काहीही झालेलं नाही," हे त्याचं पालुपद.

तीस वर्षं तो मोटारीच्या कारखान्यात गाडीच्या आतलं चामडं चढवायचा. दाराच्या आतलं पॅनेल करायचं तर दोन्ही दारांना कागदी नमुना एकच. एक पॅनेल कापलं की कागद पालटायचा आणि दुसरं कापायचं. न पालटता कापलं, तर दोन्ही पॅनेलं एकाच बाजूची होतात, जसे दोन्ही उजव्या पायाचे बूट. "कागद पालटा रे, गाढवांनो!" हे हॉरेस इतक्यांदा ओरडला होता, की बेरिल सांगायची, झोपेतही तो तेच बरळतो.

जो विसरेल त्याची धिंड निघे. चुकीचं पॅनेल गळ्यात अडकवून त्याला अख्ख्या शेडमधून फिरवायचं आणि दोन्हीकडच्यांनी बाकांवर हातोडे बडवायचे. ही प्रथा हॉरेसची लाडकी. त्याच्या शेजारच्या बाकावरचा क्लेम हॅडली १९५८ साली असा फिरला होता. पुढची चाळीस वर्षं दर शुक्रवारी पबमध्ये हॉरेसने ती धिंड पुन्हा काढली. क्लेमचे लाल झालेले कान, क्लेमची घसरलेली विजार. खरं तर विजार घसरलीच नव्हती. ती हॉरेसने साधारण बारा वर्षांनी घातलेली भर.

हॉरेसच्या घरामागच्या शेडमध्ये त्याच काळातली हिरवी दोन सीटची स्पोर्ट्‌स गाडी होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती अकरा खोक्यांतून आली होती. इंजिन, पत्रा, सीटं, गालिचा सगळं झालं होतं. राहिली होती दोन दारांची पॅनेलं. त्यांच्यासाठी लाल चामड्याचा शेवटचा तुकडा त्याने कारखाना बंद झाला तेव्हापासून गुंडाळून ठेवला होता. तसला लाल रंग आता कुठेच मिळत नाही.

बेरिलने अट घातली. एकदा तो कात्रीनिशी शेडच्या पायरीवर कोलमडला होता, म्हणून.

"ही दोन दारं, हॉरेस. दोन्ही बसली, तर शेडची किल्ली तुझ्याकडेच. नाही बसली, तर शेडला कुलूप, आणि गाडी क्लेमकडे."

"क्लेमकडे? त्याला उजवं-डावं कळत नाही!"

"तुला कळतं ते दाखव मग."

डावा हात नीट चालत नव्हता, म्हणून तीन आठवडे लागले. बोर्ड कापला, वर पातळ फोम, त्यावर चामडं ताणलं, कडा मागे दुमडून चिकटवल्या, वरच्या काठाला गोट शिवला. ड्रायव्हरच्या बाजूचं, म्हणजे उजवं दार आधी घेतलं. तळहाताने थापट्या मारत गेला, तशा मागच्या क्लिपा एकेक करून टक टक आत बसल्या. आठव्या क्लिपेला त्याने बेरिलला हाक मारली. काच खाली-वर करायच्या हँडलचं भोक बरोबर दांड्यावर. कडेला नखसुद्धा जाईना. बेरिलने पुडिंग केलं त्या दिवशी. ताटही दोनदा फिरवलं.

शनिवारी सकाळी त्याने मुद्दाम क्लेमला बोलावलं. दुसरं पॅनेल तयार होतं, आणि ते बसताना क्लेमने पाहावं अशी त्याची इच्छा होती.

क्लेम पोर्कची पाई घेऊन आला तेव्हा हॉरेस डाव्या दारापाशी गुडघ्यांवर बसून हाशहुश करत होता.

"दार वाकडं आहे, लेका. बिजागरी उतरलीय. क्लिपा भोकांना भेटतच नाहीत. कारखान्यानेच डाव्या बाजूला वाकडं दिलंय."

क्लेमने पाहिलं. हँडलचं भोक पुढे हवं होतं, ते मागे होतं. पॅनेल बसवायचं तर चामडं दाराच्या पोटात आणि बोर्ड बाहेर करावा लागला असता. कागद पालटलाच नव्हता. लाल चामडं संपलं होतं. जमिनीवर बोटभर रुंदीच्या चिंध्या पडल्या होत्या.

चाळीस वर्षं क्लेमने याच क्षणाची वाट पाहिली होती. काय बोलायचं ते त्याला पाठ होतं; आम्हा सगळ्यांना त्याने ते कितीदा तरी ऐकवलं होतं. हातोडा बाकावरच होता. त्याने तो उचललासुद्धा.

मग तो म्हणाला, "शेडमध्ये ओल आहे. बोर्ड फुगला असेल."

हॉरेस थापट्या मारायचा थांबला. त्याने पॅनेल मांडीवर घेतलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. मग बोट काठावरून चालवत चालवत, उजवीकडून डावीकडे, भोकापर्यंत नेलं आणि तिथेच ठेवलं.

"ओल," तो म्हणाला.

"हवाच दमट आहे रे."

"क्लेम, तुझ्या हातात काय आहे?"

"हातोडा."

"मग वाजव की, गाढवा! दोन उजवी केलीत मी. वाजव!" त्याने पॅनेल छातीशी धरलं आणि गाडीला टेकून उभा राहिला. "विजार पाडू का? ती तुझी पडली नव्हती, मीच पाडली. आता वाजव."

क्लेमने बाकावर दोनदा हातोडा टेकवला. आजाऱ्याच्या खोलीचं दार ठोठावावं, तसा. आवाज दारात उभ्या असलेल्या बेरिललाही धड ऐकू आला नाही.

हॉरेसने थोडा वेळ तिसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. मग पॅनेल बाकावर ठेवलं आणि खिशातून किल्ली काढून, बेरिल त्याच्या डावीकडे उभी होती तरी, उजवीकडे पुढे केली. ती फिरून त्या बाजूला आली आणि तिने किल्ली घेतली.

गाडी सोमवारी क्लेमकडे गेली. डाव्या दाराला त्याने मिळेल ते लाल चामडं लावलं. उन्हात फरक दिसतो. हॉरेसला दाखवायला त्याने गाडी दोनदा आणली. हॉरेसने उजव्या दारावरून हात फिरवला, मान डोलावली आणि आत गेला.

शुक्रवारी तो पबमध्ये येतो, पण धिंडीची गोष्ट सांगत नाही. आता ती क्लेम स्वतःच सांगतो, स्वतःवरची, घसरलेल्या विजारीसकट. आम्ही हसतो. हॉरेसही हसतो, तोंडाच्या एका बाजूने, आणि पुढ्यातला ग्लास डावीकडे असेल तर रिकाम्या टेबलाकडे बघत बसतो. मग कोणीतरी तो सरकवून देतं.