हाताने आवळलेले नट

कॅनडात गाडीची चाके वर्षातून दोनदा बदलावी लागतात. बर्फ पडण्याआधी हिवाळी टायर चढवायचे आणि बर्फ वितळला की ते उतरवायचे. गॅरेजवाले या कामाचे पैसे तासावर लावतात. पहिल्या वर्षी ते मला इतके बोचले की दुसऱ्या वर्षापासून मी हे काम दारातच करू लागलो. मग ऑइल, बॅटरी, ब्रेक पॅड अशी एकेक कामे हाती घेतली. अलीकडे तिथली महागाई अशी वाढली की शेजारीही जॅक घेऊन आपापल्या दारात बसू लागले आणि मी त्यांना शिकवू लागलो. वीस वर्षांत माझ्या हातून एकही गाडी बिघडली नव्हती. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते, कारण त्या सकाळी घाटंजीला आमच्या अंगणात गाडीपाशी बसलो असताना माझ्या मनात नेमके हेच वाक्य होते.

मी दोन वर्षांनी सुटीवर आलो होतो. कापसाची वेचणी चालू होती. दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गाडी ब्रेक मारला की किरकिरायची. मेकॅनिकला दाखवू, असे तो म्हणाला होता. मीच त्याला थांबवले आणि यवतमाळहून नवे पॅड मागवले. दुपारी आईला घेऊन त्याला पांढरकवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी होती. तोवर काम आटोपेल, या हिशेबाने मी सकाळीच चाके काढली.

चाक परत बसवण्याचा एक क्रम असतो. ते अधांतरी असताना नट नुसते हाताने फिरवून टेकवायचे. मग जॅक उतरवायचा आणि चाक जमिनीवर आले की पान्याने घट्ट आवळायचे. उजव्या बाजूचे सारे झाले होते. डाव्या चाकाचे चार नट मी हाताने लावले, जॅक उतरवला आणि पाना उचलला. तेवढ्यात फाटकातून कुणीतरी ‘जय भीम’ म्हणाले. शाळेत मला शिकवलेले गुरुजी आले होते, ऐंशी उलटलेले, काठी टेकत. सोबत आळीतले दोघेतिघे. मी पाना चाकापाशी ठेवला, हात धुतले आणि सर्वांना बैठकीत नेऊन बसवले.

परदेशातून आलेल्या माणसाला आमच्याकडे तब्येत विचारून झाली की भाव विचारतात. गुरुजींनी तुरीच्या डाळीपासून सुरुवात केली. दुसऱ्याने अंडी विचारली, तिसऱ्याने केस कापण्याचा दर. मी प्रत्येक आकडा रुपयांत करून सांगत होतो, आणि त्यातही ज्याने ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतील तोच निवडत होतो. तिकडे मी चारचौघांतला एक, काहीसा अबोल नोकरदार आहे. इथे माझ्या भाजीच्या भावाकडेही चार माणसे कान लावून होती.

“मंग तुमी तिकडे खाता तरी काय बाबू? बरफ?” गुरुजी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो आणि घरभाड्याकडे वळलो.

याच वेळी अंगणात गाडी सुरू झाली.

यापुढचे मी जमेल तितके खरे लिहितो. तो आवाज मी ऐकला. त्यासरशी मला डावे चाक आठवले. दादा गाडी उन्हातून काढून निंबाच्या सावलीत लावत असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि भाडे कसे वाढत गेले ते पुढे सांगत राहिलो. आवाज सावलीपाशी थांबला नव्हता. तो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागला होता, आणि हेही मला कळले होते, असे आता वाटते.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्याकडून समजले की दवाखान्यातून फोन आला होता. डॉक्टर दुपारी नाहीत, लवकर या म्हणाले. म्हणून दादा आईला घेऊन निघालाही. “तुमी पावन्यांशी बोलून राह्यले होते, म्हून आवाज नाही देला,” त्या म्हणाल्या. मी पान्याचे विचारले. बाहेर पडलेले सगळे सामान दादाने डिकीत टाकले होते. काम झाले, असाच त्याचा समज झाला असणार.

माझ्या हातात कप होता. तो चहा मी संपवला. उठायचे म्हणजे गुरुजींसमोर सांगावे लागणार होते की मी आईला नेणाऱ्या गाडीचे चाक तसेच सोडून गप्पा मारायला आलो. ते मला सांगवेना. चहा गरम होता, तो मी घाईने प्यायलोही नाही. पाहुण्यांकडे पाहून मान डोलवली, कप खाली ठेवला, मग मागच्या दारी जाऊन दादाला फोन लावला. तो लागत नव्हता. पांढरकवड्याच्या रस्त्याला सागाचे जंगल सुरू झाले की फोन बंद पडतो.

वहिनींना सांगितले की आईच्या औषधाची एक चिठ्ठी द्यायची राहिली आहे, आणि त्यांची स्कूटी घेऊन निघालो. हे दुसरे खोटे; पहिले, सावलीचे, मी स्वतःला सांगितले होते.

त्या रस्त्याचे मला फार थोडे आठवते. जे आठवते ते रस्त्याच्या कडेचे आहे, कारण मी समोर पाहतच नव्हतो. गवत कुठे दबले आहे का, डांबरावर घासल्याची खूण आहे का, हे शोधत होतो. तिकडे सवय उजवीकडून चालवण्याची. एका वळणावर मी तसाच उजव्या बाजूला गेलो आणि समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मला शिवी दिली. ती मला हवीशी वाटली. पुढे उतारावर घोळका दिसला. पंधरावीस बाया डोक्याला रुमाल बांधून खोलात पाहत होत्या. स्कूटी थांबली की पडली, कोण जाणे. मी त्यांच्यात घुसलो. खाली कापसाचा टेम्पो कलंडला होता आणि पांढरे पुंजके झुडपांना अडकले होते. एक बाई म्हणाली, कोनाले काही झालं नाही भाऊ, नुसता कापूस सांडला. मी तिला विचारले, पांढरी लहान गाडी गेली का. तिला माहीत नव्हते.

तिथून तीनचार किलोमीटरवर एका फाट्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे. दादाची गाडी तिथे जॅकवर उभी होती. डावे चाक काढून भिंतीला टेकवलेले. आई काळा चष्मा लावून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि पाणी पीत होती.

मेकॅनिक माझ्याच वयाचा. त्याने हात पुढे केला. तळव्यावर चार नट होते. “बोटांनंच निघाले, भाऊ. अजून जराशी गेली असती ना, तं चाक गाडीच्या पुढं पयालं असतं.”

खडखड ऐकून थांबलास का, असे मी दादाला विचारले. तो मेकॅनिककडे पाहू लागला. त्या नजरेतली खूण मेकॅनिकला समजली नाही, किंवा समजूनही तो बोलला. “आवाज कायले पाह्यजे? तुमी सुटीवर येता, गाडी खोलता, अन् मंग तुमचे भाऊ गाडी मायाकडे आनते. दर खेपेले.”

“चूप बे,” दादा म्हणाला.

मग तोच माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “तू इतक्या दुरून येतं, हौशीनं करतं. तुले वाईट वाटलं असतं.”

किती वर्षांपासून, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. गाडीखेरीज आणखी काय काय, हे तर त्याहून नाही. आईच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर मीच फोनवरून ठरवला होता. घराच्या छताचे कामही मीच सांगितले होते. त्यातले काय त्याने माझ्या पाठीमागे नीट करून घेतले आणि काय तसेच राहिले असेल, या विचाराने रस्त्यावर झालो नव्हतो एवढा थंडगार मी त्या शेडमध्ये उभा राहून झालो.

“दादा, गाडी सुरू झाली तवाच मले आठवलं होतं,” मी म्हणालो. “अन् मी चहा पेत बसलो.”

त्याचा चेहरा हलला नाही. मेकॅनिक पाना घेऊन चाकाकडे वळला. आईने चष्म्याआडून विचारले, “काय म्हनते तो?”

“काही नाही आई. नट ढिले होते म्हनते,” दादा म्हणाला.

“मंग त्यात रडाले काय झालं?” आई म्हणाली.

चाक बसले. स्कूटी तिथेच ठेवून मी मागे आईशेजारी बसलो. पांढरकवड्यापर्यंत दादा एक शब्द बोलला नाही, आणि तपासणी होऊन घरी आल्यावर वहिनींसमोरही त्याने काही काढले नाही. मी कॅनडात परत आलो त्याला आता वर्ष होत आले. तो दर रविवारी फोन करतो. आईच्या डोळ्यांचे सांगतो, शेतातले सांगतो. बोलता बोलता मधेच थोडा थांबतो. त्या वेळी मी फोन कानाशी घट्ट धरतो. आता तो विचारेल, त्या दिवशी तू का नाही उठलास. अजून त्याने विचारलेले नाही.