शरयूकाकूंनी भरलेल्या ओट्या

नीलचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी ऑफिसात होते आणि समोरच्या स्क्रीनवर एका अनोळखी माणसाच्या मृत्यूचा अहवाल उघडा होता. माझं कामच ते. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मी असे अहवाल वाचते. माणसानं औषध घेतलं, नंतर माणूस गेला; आता तो औषधामुळे गेला की जायचाच होता म्हणून गेला, हे ठरवायचं आणि रकान्यात लिहायचं : संबंध आहे, संबंध नाही. "मीनलताई, आई इज गॉन," नील म्हणाला. "शी वॉज जस्ट सिटिंग इन हर चेअर. चहा पण तसाच होता." शरयूकाकूंचा हा एकुलता एक मुलगा इथेच जन्मलेला, मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र चार शब्दांत एखादाच मराठी येतो. हृदयविकार, वय सहासष्ट. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता त्या मला तो प्रश्न कधीच विचारणार नाहीत, असा तो विचार होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार हळवी झाले तर माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. पार्सिपनीच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांनी वीसेक वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. यजमान श्रीधरकाका एका जानेवारीत घरासमोरचा बर्फ उपसताना फावड्यासकट खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा काकू पंचेचाळिशीच्याही नव्हत्या. आमच्याकडच्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं असं नाही, आम्ही सुशिक्षित ना! फक्त कुंकवाची कुयरी त्यांच्यापाशी आली की हात जरासा अडखळायचा आणि पुढच्या बाईकडे वळायचा. काकू हसून म्हणायच्या, "मला कुंकवाच्या बदल्यात तिळगूळ डबल द्या गं." सगळ्या हसायच्या, मीही. गावातल्या एका सेवा क्लबच्या त्या सभासद होत्या. मंगळवारी सकाळी जमायचं, रुग्णालयासाठी नाहीतर शाळेसाठी काही उभं करायचं, असा तो साधासुधा क्लब; त्यात बहुतेक निवृत्त अमेरिकन पुरुष आणि साडीवर जाडजूड स्वेटर घातलेल्या एकट्या काकू. २००३ साली या क्लबनं पाच जणांचा गट सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पाठवायचं ठरवलं. तिथल्या क्लबांच्या सभासदांच्या घरी राहायचं, त्यांच्या सभांमध्ये आपल्याबद्दल बोलायचं, पाच आठवड्यांनी परतायचं. गटप्रमुख शरयूकाकू. त्यांनी मला ओढून नेलं. बाकीचे तिघं अमेरिकन, एक शिक्षिका, एक दंतवैद्य आणि एक अग्निशमन दलातला धिप्पाड माणूस.

बोट्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया. धबधबा पाहिला, हत्ती पाहिले, लोकांनी जीव लावला, हे सगळं खरं. पण आठवतात ते शनिवार. शनिवार म्हणजे तिथे अंत्ययात्रांचा दिवस. आमची व्हॅन एका यात्रेसाठी बाजूला थांबायची, ती गेली की दुसरी, मग तिसरी. उघड्या ट्रकमध्ये उभ्या बायका गात जायच्या, अगदी सुरात, आणि ट्रक वळला की गाणं तिथेच हवेत राहिल्यासारखं वाटायचं. हमरस्त्याच्या कडेला सुतार शवपेट्या मांडून बसलेले असायचे, आपल्याकडे कुंभार माठ मांडून बसतो तसे, लहानमोठ्या आकारांच्या उतरंडी लावून. त्या वर्षांत त्या भागात एड्स घरोघर होता आणि त्याचं नाव कुणी घेत नसे. 'छातीचं दुखणं' म्हणायचे, 'लांबलेला ताप' म्हणायचे. ज्या घरात उतरायचो तिथल्या भिंतीवरच्या फोटोंमध्ये हसणारी तरुण माणसं असायची, आणि हे कोण, असं विचारायचं नाही हे आम्ही पहिल्या आठवड्यातच शिकलो.

पहिली ओटी फ्रान्सिसटाउनला. मफो नावाच्या नर्सच्या घरी आम्ही दोघी तीन दिवस राहिलो होतो. निघायच्या सकाळी काकूंनी बॅगेतून एक ब्लाउजपीस काढला, जांभळा, जरीच्या काठाचा. स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ मागितले, नारळाऐवजी एक संत्रं घेतलं आणि मफोला म्हणाल्या, ॲप्रन असा पुढे धर. मी दारात बूट घालत होते, ती तशीच थांबले. कुंकू लावून, पुटपुटत, काकूंनी तिची ओटी भरली. विधवा बाईनं सवाष्णीची ओटी भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. व्हॅनमध्ये त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "इथे आपली रीत कुणाला ठाऊक आहे, मीनल?" आणि शाळा बुडवलेल्या मुलीसारख्या हसल्या. ते सगळे ब्लाउजपीस श्रीधरकाका असताना काकूंच्या ओटीत पडलेले होते. न शिवलेले, वीस वर्षं सुटकेसमध्ये पडून. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण पाठीवरून काहीतरी सरकत गेलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. विज्ञानात एम.एस. केलेल्या बाईनं असलं काही सांगायचं कसं?

पाच आठवड्यांत त्यांनी अशा अकरा ओट्या भरल्या. बुलावायोच्या थोकोनं स्वेटरचा ओचा केला होता. लिव्हिंगस्टनला ग्रेस होती, शाळेची मुख्याध्यापिका. तिनं कमरेचं रंगीत वस्त्र दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि विचारलं, "हे कशासाठी असतं?" काकू म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं, घर भरलेलं राहावं, म्हणून." ग्रेसचा नवरा जोसेफ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मग तिला दुप्पट द्या, मॅडम." काकूंनी हसत आणखी एक मूठ तांदूळ घातले. मी जोसेफकडे पाहत होते. त्याचं जाकीट कुणा थोराड माणसाचं असावं तसं खांद्यांवरून लोंबत होतं, आणि पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोकं पाडलेली होती, एकापुढे एक, चार. मी धंद्यानं असल्या गोष्टी पाहते. मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि काकूंना कळलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष तांदळात होतं.

परत आल्यावर सहा महिन्यांत पहिलं पत्र आलं. काकूंनी फोन केला, "अगं, मफोचा नवरा गेला." मी हळहळले. उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं. थोकोचा नवरा, बस उलटली. या वेळी काकू फोनवर म्हणाल्या, "मीनल, त्याला तर काही आजार नव्हता ना?" "नव्हता," मी म्हटलं, आणि घाईत आहे सांगून फोन ठेवला. तिसरी बातमी तिथल्या क्लबच्या चिटणीसाकडून ईमेलनं मला आली. जोसेफ गेला. ती मी काकूंना फॉरवर्ड केली, वर एक ओळही न लिहिता. रोज ऑफिसात ज्या रकान्यात मी 'संबंध नाही' लिहिते, तो माझ्यासमोर उघडाच होता. त्या देशांत तेव्हा घरटी माणूस जात होतं, अकरांतले आठ नवरे हयात होते, जोसेफचा पट्टा मी डोळ्यांनी पाहिला होता. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी सांगितलं नाही, कारण सांगायला गेले असते तर माझा आवाज मलाच खोटा वाटला असता. माझ्या डोक्याला सगळं पटत होतं, आणि तरीही मला भीती वाटत होती.

पुढच्या वर्षी माझं डोहाळजेवण झालं, आमच्याच घरी, नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. फुलांची वाडी घातली, एकेकीनं ओटी भरली. काकू सगळा वेळ स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या. त्यांना तिथे कुणी पाठवलं नव्हतं, बाहेर या असंही कुणी म्हटलं नव्हतं. बायका जेवायला बसल्या तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले. काकूंनी पीठ लागलेले हात धुतले, पुसले, पर्समधून एक हिरवा ब्लाउजपीस काढला आणि अगदी हळू विचारलं, "मी भरू का गं?"

तो हाच प्रश्न.

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या काय विचारताहेत हे मला स्वच्छ कळत होतं. ओटी हे निमित्त होतं. त्या तीन पुरुषांबद्दल निकाल मागत होत्या त्या, आणि मागत होत्या तो अशा बाईकडे, जिचा धंदाच निकाल देण्याचा. मला समीर दिसला, माझा नवरा, रोज हायवेवरून तासभर गाडी चालवत येणारा. मी पदर पुढे केला नाही. "काकू, पाठ फार दुखतेय हो... नंतर भरा ना." "हो हो, नंतर," त्या लगेच म्हणाल्या, कापडाची घडी बोटांनी पुन्हा नीट केली आणि पर्समध्ये ठेवली. त्या संध्याकाळी समीरला बाहेरून यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. मी खिडकीशी उभी होते, आणि काकूंनी कापड नुसतं बाहेर काढलं तेवढ्यानंही काही होतं का, असा विचार करत होते. मी! तो आला, ट्रॅफिक होता म्हणाला, आणि उरलेल्या पुऱ्या खायला बसला.

त्यानंतर काकूंनी क्लब सोडला. हळदीकुंकवाला येणं बंद केलं, गुडघे दुखतात म्हणाल्या. बाळाला बघायला आल्या त्या दारातूनच. खेळणं माझ्या हातात दिलं, त्याला मात्र घेतलं नाही. फोन मात्र करायच्या, आणि उचलल्या उचलल्या पहिला प्रश्न ठरलेला, "समीर ठीक आहे ना?" मी कशी आहे, बाळ कसं आहे, ते नंतर. "ठीक आहे" म्हटलं की पलीकडून श्वास सुटलेला ऐकू यायचा. अडीच वर्षं हे चाललं. कधी न भरलेल्या ओटीचीसुद्धा त्या राखण करत होत्या, आणि मी करू देत होते.

या फेब्रुवारीत त्या गेल्या. पंधरा दिवसांनी नीलनं घर आवरायला बोलावलं. ड्राइव्हवेतला बर्फ कुणी काढला नव्हता. आत शिरले तर घर इतकं नीटनेटकं, की त्या आतल्या खोलीत आहेत आणि आपली चाहूल घेताहेत असं वाटावं. मी खरंच एकदा "काकू?" म्हणाले. नीलनं सुटकेस दाखवली. "देअर आर सो मेनी ऑफ दीज. व्हॉट आर दे फॉर, ताई?" ब्लाउजपीस. मी त्याला काय सांगणार? आणि स्वयंपाकघरातल्या खणात, पुसण्यांच्या खाली, त्याला आणखी एक गठ्ठा सापडला होता. सात पत्रं. पाकिटांवर हत्ती आणि पक्ष्यांची तिकिटं, पत्त्यात 'मॅडम शरयू'. एकही फोडलेलं नव्हतं. माझ्या डोहाळजेवणानंतरची होती सगळी. "व्हाय वुडन्ट शी ओपन देम?" नील म्हणाला. प्रत्येक पाकिटात आणखी एक नवरा मेलेला असणार, असं त्यांना वाटत होतं म्हणून. पण हे मी त्याला मराठीत सांगू शकले नाही आणि इंग्रजीतही नाही.

आम्ही टेबलाशी बसून ती फोडली. पहिल्यात एक लग्न होतं. दुसऱ्यात नातवाचा फोटो, मागे आजोबा ठणठणीत उभे. मफो बढती मिळून मोठ्या रुग्णालयात गेली होती. एकाही पत्रात नवं मरण नव्हतं. सहावं ग्रेसचं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. तिनं लिहिलं होतं : तुम्ही आलात तेव्हा जोसेफला डॉक्टरांनी घरी पाठवून दिलेलं होतं, पाहुण्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पाऊस सुरू होईपर्यंत जगेल म्हणाले होते. तो त्या पुढचाही पाऊस पाहून गेला आणि दुसऱ्या मुठीचे तांदूळ लागू पडले म्हणून मला चिडवत असे...

मी नीलला म्हटलं, जरा थांब. नळ सोडून तोंड धुतलं. शरयूकाकू याच खोलीत, या खणापासून चार पावलांवर, रोज चहा घेत बसत होत्या.

पत्र पुढे होतं. "आमच्या चर्चच्या मंडळात आता नव्या नवरीच्या झोळीत आम्ही असंच धान्य आणि फळ घालतो. तुम्ही पहिल्याच सभेत सांगितलं होतं की तुम्ही विधवा आहात, म्हणून मला त्याचा अर्थ तेव्हाच समजला होता. 'तुझा नवरा खूप जगो' हे जिनं नवरा गमावलाय तिच्याच तोंडून खरं वाटतं. त्यामुळे हे काम आम्ही फक्त विधवाच करतो. जिचा नवरा आहे तिला हात लावू देत नाही. गेल्या महिन्यात सहा नवऱ्या झाल्या. आम्ही बरोबर करतोय ना? चुकत असेल तर कळवा."

तिकडे दूर, नदीकाठच्या त्या गावात, काकूंनी कधी न पाहिलेल्या बायका काकूंसारखं पुटपुटत तांदूळ ओतत होत्या, अजूनही ओतत असतील, या क्षणीही. नील म्हणाला, "कुणीतरी रिप्लाय करायला पाहिजे, ताई. यू डू इट." मी काकूंच्याच खुर्चीत बसले. काकू गेल्या हे कळवलं. पत्र त्यांना वेळेवर मिळालं नाही असं लिहिलं, तेवढं खोटं. सुटकेसमधले सगळे ब्लाउजपीस पाठवते आहे, नव्या नवरींना द्या, म्हटलं. हिरवा तेवढा मी ठेवून घेतला. तो मला कुणी दिलेला नाही आणि आता देणारही नाही, हे ठाऊक असून. मग तिच्या प्रश्नाशी आले. पत्रातलं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, आणि लिहिलं : तुमचं काही चुकत नाही, ग्रेस. आमच्याकडे हे असंच करतात.